मजुरांचे व मतदारांचे सेवक : विल्यम वेलास्केझ

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें असावींत, असा शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या अंगणांत वाढलेलीं कांहीं माणसें अशींहि असतात कीं, ज्यांनीं धर्मगुरूचा झगा कधीं अंगांत घातला नाहीं, ज्यांचें सारें आयुष्य शेतांच्या बांधावर, गल्लीबोळांत व कचेऱ्यांत गेलें, आणि तरीहि शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा ज्यांनीं आपल्या परीनें पाळली. अशांपैकीं एकाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटलें.

अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत मेक्सिकन वंशाचे कष्टकरी लोक फार मोठ्या संख्येनें राहतात. त्यांच्यामध्यें विल्यम वेलास्केझ हें नांव आदरानें घेतलें जातें. लोक त्यांना प्रेमानें विली म्हणत. त्यांना आयुष्य लाभलें अवघें चव्वेचाळीस वर्षांचें. तेवढ्या काळांत त्यांनीं निवडून येऊन कोणतें पद भूषविलें नाहीं, कीं संपत्ति जोडली नाहीं. त्यांनीं केलें तें इतकेंच : गोरगरिबांचीं नांवें मतदारयादींत नोंदविलीं. हें काम वरवर पाहतां कारकुनी वाटेल. परंतु त्यामागें केवढें धैर्य व केवढी चिकाटी लागते, तें पुढील हकीकतीवरून कळून येईल.

विली यांचा जन्म ९ मे १९४४ रोजीं फ्लोरिडा राज्यांतील ऑर्लँडो येथें झाला. परंतु ते लहानाचे मोठे झाले टेक्सासमधील सान अंतोनिओ शहरांत. या शहराच्या पश्चिम भागांत मेक्सिकन वंशाच्या लोकांची दाट वस्ती होती. कित्येक रस्ते कच्चे, पाण्याच्या निचऱ्याची सोय नाहीं. मोठा पाऊस झाला कीं रस्त्यांचे ओढे होत व पाणी घरांत शिरे. विली यांचे वडील खाटकाचें काम करीत व आपल्या धंद्यांतील मजूरसंघाचे कार्यकर्ते होते. त्यामुळें मजुरांनीं एकत्र कां यावें, हें या मुलास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तें त्यानें घरींच पाहिलें.

त्यांचें शिक्षण सेंट्रल कॅथॉलिक हायस्कुलांत व पुढें सेंट मेरीज विद्यापीठांत झालें. या दोन्ही संस्था मरियानिस्त संघाच्या ब्रदर व फादर मंडळींनीं चालविलेल्या. त्या काळीं सान अंतोनिओचे आर्चबिशप रॉबर्ट ल्यूसी हे होते. कामकऱ्यास न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, ही ख्रिस्तसभेची शिकवण ते निर्भयपणें सांगत व त्यामुळें कित्येक धनिकांचा रोषहि त्यांनीं ओढवून घेतला होता. अशा वातावरणांत विली यांचें तारुण्य गेलें.

आतां त्या वेळच्या परिस्थितीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एरव्हीं पुढील हकीकतीचें मर्म आमच्या वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं. आपल्या देशांत मतदारयादी तयार करण्याचें काम सरकारी यंत्रणेचें असतें. नेमलेला माणूस घरोघर जाऊन नांवें लिहून घेतो. टेक्सासमध्यें तसें नव्हतें. तेथें नागरिकास आपण होऊन कचेरींत जावें लागे व आपलें नांव नोंदवावें लागे. शिवाय १९०२ सालापासून तेथें मतदानासाठीं डोईपट्टी भरावी लागत असे. ती वर्षाला माणशीं पावणेदोन डॉलरपर्यंत असे. म्हणजे नवराबायको दोघांनीं मत द्यावयाचें तर साडेतीन डॉलर. शेतावर राबणाऱ्यास तासाला एक डॉलरहि मिळण्याची मारामार, तेथें ही रक्कम थोडी नव्हे. बरें, पट्टी भरण्याची मुदत ३१ जानेवारीस संपे व निवडणूक येई नोव्हेंबरांत. नऊ महिने आधीं निवडणुकीची आठवण ठेवून पोटाला चिमटा घेणारे गरीब किती निघणार? मध्यवर्ती सरकारच्या निवडणुकांपुरती ही पट्टी १९६४ सालीं घटनादुरुस्तीनें रद्द झाली व राज्याच्या निवडणुकांतून १९६६ सालीं न्यायालयाच्या निकालानें गेली. तरीहि दरसाल जानेवारीअखेर नव्यानें नांव नोंदविण्याची अट १९७१ पर्यंत शिल्लक राहिलीच.

तथापि या अडचणींतूनहि वाट निघते, हें मजुरांनींच एकदां दाखवून दिलें होतें. क्रिस्टल सिटी नांवाचें एक लहान गांव टेक्सासमध्यें आहे. पालकाच्या भाजीच्या पिकासाठीं तें प्रसिद्ध. गांवांत बहुसंख्य वस्ती मेक्सिकन वंशाची, परंतु कारभार मात्र मूठभर गोऱ्या लोकांच्या हातीं. तेथें भाजी डब्यांत भरण्याचा कारखाना होता व त्यांतील कामगारांचा संघ होता. १९६३ सालीं या संघाच्या सभासदांनीं राज्यांतील मेक्सिकन वंशीयांच्या एका राजकीय संघटनेच्या मदतीनें घरोघर फिरून लोकांकडून डोईपट्टी भरविली आणि नगरसभेच्या पांचहि जागांवर आपलीं माणसें निवडून आणलीं. सबंध राज्यांत या गोष्टीचा बोलबाला झाला. परंतु पुढें आपसांत दुही माजली व १९६५ सालीं त्या जागा हातच्या गेल्या. त्या वेळीं विली विद्यार्थी होते. एका दमांत मिळविलेलें एका दमांत जातें, हा त्या प्रसंगाचा धडा त्यांच्या पुढील आयुष्याशीं ताडून पाहण्याजोगा आहे.

१९६६ सालीं विली यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. टेक्सासच्या दक्षिण टोंकास, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं, स्टार परगण्यांत खरबुजांचे मोठमोठे मळे आहेत. १ जून १९६६ रोजीं तेथील मजुरांनीं संप पुकारला. त्यांची मागणी तासाला सव्वा डॉलर मजुरीची. त्या वेळीं कारखान्यांतील कामगारांना कायद्यानें मिळणारी किमान मजुरी तेवढीच होती. पण शेतमजूर त्या कायद्याच्या बाहेर होते. मजूरसंघ स्थापून मालकांशीं वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा जो १९३५ चा कायदा, त्यांतूनहि शेतमजुरांस वगळलें होतें. विली तेव्हां पदवी घेऊन पुढील अभ्यास करीत होते. तो अभ्यास सोडून ते सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघाच्या कामांत शिरले व संपकऱ्यांसाठीं मदत गोळा करण्याच्या खटपटीस लागले.

४ जुलै १९६६ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, संपकरी मजूर पायीं निघाले ते राजधानी ऑस्टिनकडे. उन्हाळा कडक, वाट शेंकडों मैलांची. बरोबर ग्वादालूपेच्या मातेची प्रतिमा. एक कॅथॉलिक धर्मगुरू व एक बाप्तिस्त पाळक त्यांच्याबरोबर चालत होते. सान अंतोनिओस पोंचल्यावर सान फेर्नांदो कॅथीड्रलांत आर्चबिशप ल्यूसी यांनीं त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण केली व त्यांच्या मागणीस जाहीर पाठिंबा दिला. परंतु राज्याचे गव्हर्नर जॉन कॉनली यांनीं ऑगस्टअखेर मोटारींतून वाटेंतच येऊन मजुरांस गांठलें आणि ऑस्टिन येथें आपण त्यांना भेटणार नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. ५ सप्टेंबरास, कामगारदिनीं, हजारों लोक राजधानींत जमले. गव्हर्नर आले नाहींत.

पुढील हकीकत दुःखाची आहे. नदीपलीकडून मजूर आणून मालकांनीं मळे चालू ठेवले. राज्याच्या रेंजर पोलिसांनीं संपकऱ्यांस पकडलें, धमकाविलें. अखेर सप्टेंबर १९६७ मध्यें ब्यूला नांवाचें चक्रीवादळ आलें व त्यानें उभीं पिकें धुवून नेलीं. पीकच नाहीं तेथें संप कसला? फारसें कांहीं हातीं न लागतां तो मोडला. पोलिसांच्या जाचाविरुद्ध मजुरांनीं लढविलेला खटला पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७४ सालीं तेथें त्यांची बाजू मुख्यतः मान्य झाली. परंतु तोंवर संप मोडून सात वर्षें लोटलीं होतीं.

आम्हांस वाटतें, विली यांच्या पुढील कार्याचें बीज या पराभवांत आहे. मजुरांची मागणी न्यायाची होती. त्यांच्यामागें धर्मगुरू होते, आर्चबिशप होते, जनतेची सहानुभूति होती. तरीहि गव्हर्नरनें त्यांची पर्वा केली नाहीं. कारण गव्हर्नर, शेरीफ व न्यायाधीश या साऱ्यांना लोक मतें देऊन निवडतात आणि नदीकांठच्या त्या हजारों मजुरांपैकीं बहुतेकांचें नांव यादींतच नव्हतें. यादींत नसलेल्या माणसाचें रडणें सरकारच्या कानांपर्यंत पोंचत नाहीं.

१९६७ सालीं विली व सेंट मेरीजमधील त्यांचे चार मित्र यांनीं मेक्सिकन वंशाच्या तरुणांची एक संघटना काढली. तिच्या तरुण मंडळींनीं शाळांतील पक्षपाताविरुद्ध विद्यार्थ्यांचे संप केले, सभा गाजविल्या. रक्त तापलेलें होतें. भाषाहि तापलेली होती. १९६९ सालीं एका सहकाऱ्याच्या जहाल भाषणामुळें मोठें वादळ उठलें आणि मेक्सिकन वंशाच्याच एका वजनदार लोकप्रतिनिधीनें या तरुणांचा कडक निषेध केला. मिळत असलेला पैसाहि बंद झाला. पुढच्याच वर्षीं मित्रांनीं रासा उनिदा नांवाचा स्वतंत्र राजकीय पक्ष काढला. विली यांना तो मार्ग पसंत पडला नाहीं. आधीं लोकांचीं नांवें यादींत आलीं पाहिजेत व तें काम कोणत्याहि एका पक्षाचें असतां कामा नये, असें त्यांचें मत होतें. जिवाभावाच्या सोबत्यांपासून त्यांस दूर व्हावें लागलें. भेकडपणाचा आरोप सोसणें तरुण माणसास किती कठीण असतें, हें सांगावयास नको. तो पक्ष आरंभीं कांहीं गांवीं यशस्वी झाला. परंतु १९७८ नंतर तो मावळला. एवढ्यावरून त्या मित्रांचें सर्वच चुकलें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं लोकांच्या मनांतील भीति घालविली, ही गोष्ट लहान नव्हे. दोघांचे मार्ग भिन्न होते, एवढेंच.

मतनोंदणीची संस्था काढावयाची, तर पैसा हवा. आणि धर्मादाय निधींतून पैसा हवा, तर सरकारची करमाफी हवी. १९६९ च्या नव्या कर-कायद्यानें अशी अट घातली होती कीं, मतनोंदणीच्या कामास असा पैसा घ्यावयाचा, तर संस्था पक्षनिरपेक्ष असली पाहिजे व तिचें काम निदान पांच राज्यांत चाललें पाहिजे. कांहीं वर्षें विली या परवानगीसाठीं खेटे घालीत होते. अखेर ४ जुलै १९७४ रोजीं, म्हणजे मजुरांची पदयात्रा निघाली त्यानंतर बरोबर आठ वर्षांनीं, सान अंतोनिओ येथें नैर्ऋत्य मतदार-नोंदणी व शिक्षण संस्था स्थापन झाली. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व कॉलोराडो हें तिचें क्षेत्र. आपलें मत हाच आपला आवाज, अशा अर्थाचें स्पॅनिश बोधवाक्य तिनें धारण केलें.

या संस्थेची कार्यपद्धति आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मजूरसंघ बांधतांना जें शिकावयास मिळालें, तेंच विली यांनीं येथें उपयोगांत आणलें. बाहेरचे पुढारी नेऊन एखाद्या गांवीं सभा गाजवावयाची, असा प्रकार नव्हता. प्रथम त्या गांवचा अभ्यास होई : वस्ती किती, मतदार होण्यास पात्र किती, यादींत नांवें किती, कोणत्या गल्लींत सर्वांत कमी. मग गांवांतल्याच लोकांची समिति बने. एकमेकांशीं न बोलणाऱ्या मंडळींस एका बाकावर बसवावें लागे. संस्था थोडा पैसा देई. बाकीचे श्रम व खर्च गांवानें उचलावयाचा. त्यानंतर सुरू होई खरें काम. दिवसाचे कष्ट संपवून आलेल्या माणसाच्या दारावर थाप मारावयाची, त्याच्याशीं स्पॅनिशमध्यें बोलावयाचें, अर्ज भरून घ्यावयाचा आणि पुढच्या दारीं जावयाचें. आज दहा नांवें, उद्यां बारा.

हें करतां करतां विली स्वतःहि एक धडा शिकले. आरंभीं ते लोकांशीं वंशाच्या अभिमानाविषयीं व पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाविषयीं बोलत. लोक माना डोलावीत व आपल्या कामास लागत. मग विली यांनीं त्यांनाच विचारावयास सुरुवात केली कीं, तुम्हांला काय हवें. उत्तरें साधीं आलीं. कोणास दारासमोरचा रस्ता पक्का हवा होता. कोणास गटार हवें होतें. कोणाच्या मुलांची शाळा बरी व्हावयास हवी होती. ज्यांचें बालपण पावसांत तुंबणाऱ्या वस्तींत गेलें, त्यांस हें समजावयास वेळ लागला नाहीं. तेव्हांपासून गटार व रस्ता हेच त्यांच्या प्रचाराचे विषय झाले.

परंतु नांवें वाढलीं, मतें पडलीं, तरी उमेदवार पुष्कळदां हरतच राहिले. याचें कारण शोधतां असें दिसून आलें कीं, कित्येक ठिकाणीं मतदारसंघांच्या सीमाच अशा आंखल्या होत्या कीं मेक्सिकन वंशीयांची वस्ती चिरून तिचे तुकडे निरनिराळ्या विभागांत टाकले जावेत. इतर कांहीं ठिकाणीं सारें शहर हा एकच मतदारसंघ असे. त्यामुळें सधन भागाच्या जोरावर एकच गट सर्व जागा जिंकी. विली यांनीं नकाशे व आंकडे जमविण्यास स्वतंत्र अभ्यासक नेमले आणि मेक्सिकन वंशीयांसाठीं न्यायालयांत लढणारी जी संस्था १९६८ सालीं स्थापन झाली होती, तिच्या वकिलांबरोबर दावे लावण्यास आरंभ केला. असे ऐंशींहून अधिक दावे झाले. १९७५ सालीं अमेरिकेच्या मताधिकार कायद्याचें संरक्षण इंग्रजी न बोलणाऱ्या समाजांसहि लागू झालें व ज्या भागांत त्यांची संख्या पुरेशी होती, तेथें दोन भाषांतील मतपत्रिका मिळूं लागल्या. त्याचाहि मोठा आधार झाला.

सान अंतोनिओ शहरांत १९७७ सालीं निवडणुकीची पद्धत बदलली व दहा स्वतंत्र विभाग पडले. त्याच वर्षींच्या निवडणुकींत नगरसभेंत मेक्सिकन व आफ्रिकन वंशाच्या सभासदांचें मिळून बहुमत झालें. १९८१ सालीं हेन्री सिस्नेरोस हे नगराध्यक्ष झाले. विली ज्या कॅथॉलिक हायस्कुलांत शिकले, त्याच शाळेचे ते विद्यार्थी. १८४२ नंतर त्या शहराला मेक्सिकन वंशाचा नगराध्यक्ष लाभला तो प्रथमच. हें सर्व एकट्या विली यांनीं घडविलें असें नाहीं. वस्तीवस्तींतील कॅथॉलिक चर्चच्या सभासदांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, गटारांसाठीं व रस्त्यांसाठीं त्या वर्षांत मोठी चळवळ उभारली होती. वकिलांचे श्रम होते, मजूरसंघांची मदत होती. परंतु यादी वाढली नसती, तर या साऱ्याचें फळ पदरांत पडलें नसतें.

विली यांच्या हयातींत त्यांच्या संस्थेनें सुमारें दोनशें गांवांत व शहरांत मिळून एक हजारांच्या आसपास नोंदणी-मोहिमा केल्या. संस्था निघाली तेव्हां देशांतील लॅटिनो मतदारांची नोंदलेली संख्या सुमारें २४ लाख होती; त्यांच्या मृत्यूच्या सुमारास ती ५० लाखांच्या घरांत गेली. निवडून आलेले लॅटिनो लोकप्रतिनिधि त्याच काळांत १,५६६ वरून ३,३६० झाले. लोकसंख्याहि वाढत होती, हें लक्षांत घेतलें पाहिजे. तरीहि सदर आंकड्यांमागें कितीतरी संध्याकाळींची पायपीट आहे, हें विसरून चालणार नाहीं.

१९८८ सालचा वसंतऋतु. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती व विली यांच्या कामास कधीं नव्हे एवढें महत्त्व आलें होतें. त्याच वेळीं त्यांच्या मूत्रपिंडांत कर्करोग असल्याचें आढळून आलें. रोग फार पुढें गेलेला होता. १५ जून १९८८ रोजीं सान अंतोनिओ येथें त्यांनीं देह ठेवला. मागें पत्नी व तीन मुलें. ज्या निवडणुकीसाठीं एवढी तयारी चालली होती, ती पांच महिन्यांवर असतांना ते गेले. पुढें १९९५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं स्वातंत्र्याचें राष्ट्राध्यक्षपदक हा देशांतील नागरिकांसाठींचा सर्वोच्च सन्मान त्यांस मरणोत्तर अर्पण केला. परंतु पदकापेक्षां मोठें स्मारक त्यांच्या वस्तींतील पक्के रस्ते हेंच होय, असें आम्हांस वाटतें.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? वेलास्केझ यांस कोणी संतपदास चढविलेलें नाहीं आणि तसा आमचाहि आग्रह नाहीं. ते आपल्यासारखेच संसारी मनुष्य होते. त्यांचा संप मोडला, मित्र तुटले, कित्येक निवडणुका हरल्या. परंतु प्रत्येक पराभवानंतर त्यांनीं रागास आपला धनी होऊं दिलें नाहीं. ते पुन्हां एका दारासमोर गेले व त्यांनीं पुन्हां एक नांव लिहून घेतलें. अन्यायाविरुद्ध एक दिवस ओरडणें सोपें असतें. चौदा वर्षें याद्या करीत बसणें फार अवघड.

ज्युबिलीच्या या प्रसंगीं आपण आपल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या उघडून पाहूं. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृतांच्या वह्यांत पानांमागून पानें नांवांनींच भरलेलीं आहेत. त्यांत कोणी पाटील आहे, कोणी मोलमजुरी करणारा आहे. परंतु ओळ प्रत्येकास सारखीच मिळाली आहे. त्या काळच्या धर्मगुरूनें गरिबाचें नांव गाळलें असतें, तर आज त्याच्या नातवंडांस आपला आजा कोण, हें कळलें नसतें. नांव लिहिलें जाणें म्हणजे माणूस गणला जाणें होय. देवाच्या वहींत तर कोणाचेंच नांव गाळलेलें नाहीं. माणसांच्या वह्यांतून मात्र तें पुष्कळदां गळतें. असें गळलेलें नांव शोधून तें जागच्या जागीं लिहिणारा मनुष्य प्रभूचेंच काम करीत असतो. आपल्या धर्मग्रामांत असे सेवक पिढ्यान्‌पिढ्या निपजोत, हीच या मंगल प्रसंगीं आमची प्रार्थना आहे.